तण काढा, पण घाई नको

तण दिसले की जिथे ते सर्वांत दाट, तिथेच आधी कोयता चालवावासा वाटतो. सिडनीच्या मोसमन भागातल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात नेमके उलटे केले. देशी झाडी जिथे धडधाकट आहे तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू तणाच्या दिशेने सरकायचे. मातीची उलथापालथ कमीत कमी करायची, उकरलेली जागा पालापाचोळ्याने पुन्हा झाकायची. देशी रोपांनी मोकळी जागा भरून काढली, की मगच पुढचे तण काढायचे.

कारण मातीत दडले आहे. तिथे देशी बिया असतात, तशा तणाच्याही. मोठा पट्टा एकदम मोकळा केला, की भरपूर ऊन मिळून झपाट्याने वाढणारे तणच आधी माजते. थोडीच जागा उघडली, तर सावली टिकते, शेजारच्या झाडांचे बी पडते आणि जंगल स्वतःच पुढे सरकते.

सिडनीच्या झाडीला छळणारी, मूळची अमेरिका खंडातली घाणेरी आपल्या सह्याद्रीतही पसरली आहे. म्हणून टेकड्यांवर श्रमदान करणाऱ्या गटांनी किती झुडपे उपटली यापेक्षा त्या जागी पुढे काय उगवले, याची नोंद ठेवावी. आणि पावसाळ्यानंतर तिथे पुन्हा जावेच; कारण घाणेरीही परत येते.