वर्गणी आपली, झोपही आपलीच
निवासी वस्तीतील ध्वनिनियम आणि व्यापारी कुटुंबांची जबाबदारी

खाली पेढी आणि वर घर, ही खानदेशातील व्यापारी वस्तीची जुनी रचना. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या गावांच्या जुन्या बाजारपेठांत आजही अनेक कुटुंबे याच रचनेत राहतात. दिवसभराचा रस्त्यावरचा कोलाहल हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग असतो. गिऱ्हाइकांची वर्दळ, हमालांच्या हाका, मिरचीच्या हंगामातील गाड्यांची ये-जा यांबद्दल कोणताही व्यापारी कुरकुर करीत नाही; बाजार शांत झाला तरच त्याला काळजी वाटते. प्रश्न निर्माण होतो तो दुकानाचे शटर खाली ओढल्यानंतर. वरच्या मजल्यावर आजारी वडील असतात, दहावी-बारावीची परीक्षा देणारी मुले असतात, पहाटे सामायिकासाठी उठणारी आजी असते. नेमक्या त्याच वेळी खालच्या चौकातून डीजेची मिरवणूक जाऊ लागते, खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि घरातील सर्वजण ती पुढे सरकण्याची मुकाट्याने वाट पाहत बसतात.

हे मुकाट्याने बसणे केवळ सहनशीलतेचे लक्षण नाही. त्यामागे एक व्यावहारिक भीती आहे. मिरवणूक काढणारे तरुण हे आपलेच गिऱ्हाईक, आपल्याच गल्लीतील, आपणच ज्यांना वर्गणी दिली त्या मंडळाचे. तक्रार केली तर उद्या दुकानाच्या पायरीवर कोण चढेल, हा विचार व्यापाऱ्याला गप्प करतो. म्हणूनच या विषयात कायदा काय सांगतो, शासनयंत्रणेचे काम कोणते आणि आपले काम कोणते, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

कायद्याची चौकट

पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ या कायद्याखाली केंद्र सरकारने १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम अधिसूचित केले. या नियमांनी परिसराचे चार वर्ग पाडले असून प्रत्येकासाठी दिवसाची व रात्रीची मर्यादा ठरवली आहे. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, निवासी क्षेत्रात ५५ व ४५, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल अशी ही मर्यादा आहे.

डेसिबल हे मोजमाप आपल्या नित्याच्या हिशेबासारखे चालत नाही, हे व्यापाऱ्याने विशेष लक्षात घ्यावे. ५० किलोवरून १०० किलो म्हणजे दुप्पट. परंतु डेसिबलमध्ये केवळ ३ ची वाढ झाली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि १० ची वाढ झाली की ती दहापट होते. ४५ ची मर्यादा असलेल्या गल्लीत ७५ डेसिबलचा आवाज झाला, तर तो दीडपट नव्हे, ऊर्जेच्या दृष्टीने हजारपट ठरतो. कामाच्या जागी ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास राहणे ही कानाच्या सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला हा काळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला तो केवळ १५ मिनिटांवर येतो. भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरांसमोर दोन तास नाचणारा तरुण आपल्या श्रवणशक्तीतून किती उचल करतो, याचा हिशेब यावरून करता येईल. ही उचल परत फेडता येत नाही. कानातील सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. शिवाय सततच्या गोंगाटाने झोप मोडते, रक्तदाब वाढतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे.

ध्वनिक्षेपक वापरण्यासाठी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकच नव्हे, तर मोठा आवाज करणारी वाद्येही वाजवता येत नाहीत. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आतच आवाज राहील अशा रीतीने कार्यक्रम करण्यास मुभा आहे. मंगल कार्यालयाचे बंद दालन या सवलतीत बसू शकते. गावाबाहेरच्या मोकळ्या लॉनवरील वरात बसत नाही. सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून वाढता कामा नये. म्हणजे निवासी वस्तीत भर दिवसासुद्धा ही सीमा ६५ च्या पुढे जात नाही. रात्री निवासी भागात विनाकारण हॉर्न वाजवणे, आवाजाचे फटाके उडवणे, बांधकामाची कर्कश यंत्रे चालवणे यांनाही मनाई आहे.

सणासुदीसाठी राज्य शासन वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १० ते १२ या वेळेत सवलत देऊ शकते. हे दिवस जिल्हानिहाय आधी जाहीर करावे लागतात. मात्र ही सवलत वेळेची आहे, आवाजाच्या मर्यादेची नव्हे. 'आज परवानगी आहे' या वाक्याचा अर्थ 'आज वाटेल तेवढा आवाज करता येतो' असा होत नाही.

दुकान-घराचा पेच

येथे आपल्या वस्त्यांचा एक खास प्रश्न उभा राहतो. खाली पेढी आणि वर घर असलेली पेठ व्यापारी क्षेत्र मानायची की निवासी? पहिल्या पर्यायात रात्रीची मर्यादा ५५, दुसऱ्यात ४५ डेसिबल. संमिश्र परिसर चार वर्गांपैकी कोणत्या वर्गात धरायचा हे सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवावे, असे नियमांत म्हटले आहे. विकासाची आखणी करताना ध्वनिप्रदूषणाचा विचार करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्यही त्यांत नमूद आहे. नवी लॉन्स वसाहतीला लागून उभी राहत असताना किंवा रस्त्यावर मंडप घालण्यास परवानगी दिली जात असताना हा विचार झाला पाहिजे. नगरपरिषदेत आपल्या समाजाचे लोक निवडून जातात, व्यापारी संघटनांची निवेदने तेथे वाचली जातात. रस्ते, गाळेभाडे आणि घरपट्टी यांविषयी आपण निवेदने देतो. आपल्या पेठेचा ध्वनिवर्ग कोणता, हा प्रश्नही आपण विचारला पाहिजे.

प्रत्यक्ष कारवाईचा अधिकार मात्र जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस यांच्याकडे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३८ नुसार रहिवाशांना त्रासदायक ठरणारे संगीत वा गोंगाट थांबवण्याचा आदेश पोलीस अधीक्षक देऊ शकतात. पर्यावरण कायद्याच्या भंगासाठी पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तेथे दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला आहे.

न्यायालयांनी काय म्हटले

१८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर सविस्तर निकाल दिला. त्या प्रकरणाची पार्श्वभूमी विसरता येण्याजोगी नाही. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या आवाजात तिच्या किंकाळ्या कोणालाही ऐकू आल्या नाहीत. गोंगाट केवळ झोप घेत नाही. संकटात सापडलेल्या माणसाची हाकही तो गिळून टाकतो. शांततेत जगणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे आणि भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली इतरांना बळेच ऐकवण्याचा हक्क कोणालाही नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

महाराष्ट्रात ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये निर्णय दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे त्यात नमूद करून पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरवण्याचे आणि तक्रारींसाठी सोय करण्याचे निर्देश देण्यात आले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवाशांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: ध्वनिक्षेपकाबाबत तक्रार आल्यास पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी आणि ओळख समजली तरी ती समोरच्याला कळू देऊ नये. ज्याला गिऱ्हाईक तुटण्याची भीती आहे, त्या व्यापाऱ्यासाठी हे संरक्षण फार मोलाचे आहे.

उत्सव आणि आवाज

ध्वनिनियम म्हणजे सणांवर घाला, असा एक समज पसरवला जातो. आपला जिल्हाच त्याचे उत्तर देतो. नंदुरबारच्या विसर्जन मिरवणुकीत दादा गणपती आणि बाबा गणपती यांची हरिहर भेट पाहण्यासाठी लोक दाटी करतात, ती भेटीसाठी. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीला सातपुड्यातील आदिवासी बांधव मैलोन्‌मैल चालत येतात. तेथील ढोल ही त्यांची परंपरा आहे. ढोल वाजवणाऱ्याचे हात थकतात, तो थांबतो, श्वास घेतो. यंत्राला थकवा नाही आणि त्याला कान नाहीत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच शहरात शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या चार सोबत्यांनी काढलेल्या मिरवणुकीजवळ केवळ कंठ होते आणि हातात तिरंगा होता. तो घोष आजही गावाला ऐकू येतो. श्रद्धा आणि उत्साह यांना यंत्राच्या वाढीव आवाजाची गरज असते, असे मानण्याचे कारण नाही.

आधी आपले घर

तथापि, इतरांकडे बोट दाखवण्याआधी आपले अंगण पाहणे न्यायाचे ठरेल. आपल्या समाजातील विवाहांच्या वराती, तपस्वींचे वरघोडे, महावीर जन्मकल्याणकाच्या शोभायात्रा, यांतही अलीकडे मोठे स्पीकर शिरले आहेत. मासक्षमण करणाऱ्या तपस्व्याचा सन्मान रुग्णालयासमोरून कर्कश गाणी वाजवीत नेण्याने होतो काय? श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. ज्या हिंसेतून कोणतेही प्रयोजन साधत नाही, ती टाळणे म्हणजे अनर्थदंडापासून दूर राहणे. उपजीविकेसाठी काही आरंभ अटळ असतो, असे आपण म्हणतो. मध्यरात्रीच्या फटाक्यांनी आणि डीजेने कोणती उपजीविका साधते? तान्हे बाळ दचकते, वृद्धाची छाती धडधडते, झाडावरचे पक्षी अंधारात उडून जातात. प्रयोजन शून्य आणि पीडा अनेकांना, याहून अनर्थदंडाचे स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुकानांचीही गोष्ट तीच. वीज गेली की पेठेत जनरेटर सुरू होतात. नव्या डिझेल जनरेटरला ध्वनिरोधक आवरण असणे आणि एक मीटर अंतरावर त्याचा आवाज ७५ डेसिबलच्या आत असणे बंधनकारक आहे. जुने, उघडे यंत्र पायरीवर ठेवून शेजाऱ्याच्या खिडकीत धूर आणि धडधड सोडणाऱ्याला डीजेविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. सवलतीच्या जाहिरातीसाठी दुकानाबाहेर दिवसभर ओरडणारा स्पीकरही परवानगीवाचून लावता येत नाही.

व्यापाऱ्याच्या हातातील उपाय

तक्रार हा शेवटचा उपाय आहे. तो आवश्यक असेल तेव्हा संकोच न करता वापरावा. ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. दिवस, वेळ, ठिकाण आणि आवाजाचा प्रकार नेमका सांगावा. मोबाइलवरील ध्वनिमापक अॅप अंदाजासाठी ठीक आहे, पुरावा म्हणून प्रमाणित यंत्राचीच नोंद धरली जाते. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालू असेल, तर डेसिबल मोजून होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. ती वेळ हाच भंग असतो.

परंतु तक्रारीच्या कितीतरी आधी व्यापाऱ्याच्या हातात एक साधन असते, आणि ते म्हणजे वर्गणी. या गावांतील बहुतेक उत्सव पेठेच्या पैशावर उभे राहतात. ज्या डीजेने आपली झोप उडते, त्याचे भाडे अनेकदा आपल्याच गल्ल्यातून गेलेले असते. एकट्या दुकानदाराने अट घातली तर तो अप्रिय होतो. संपूर्ण पेठेने, सर्व समाजांच्या व्यापाऱ्यांनी मिळून एकच धोरण ठरवले तर कोणावर रोष येत नाही. पारंपरिक वाद्ये, लेझीम, भजनी मंडळ, रक्तदान, गरजू विद्यार्थ्यांना मदत यांसाठी वर्गणी सढळ हाताने द्यावी. डीजेसाठी नाही, हे मंडळांच्या बैठकीआधीच प्रेमाने सांगावे. मुलांना नाही म्हणताना त्यांच्या उत्साहाला दुसरी वाट दाखवणे हे वडीलधाऱ्यांचे कामच आहे.

हाच नियम आपल्या घरच्या कार्यालाही लागू करावा. लग्नपत्रिका छापण्याआधी वर आणि वधू अशा दोन्ही पक्षांनी वरातीची वेळ ठरवावी, दहाच्या आत ती मांडवात पोहोचेल असे पाहावे आणि बँडवाल्याशी व्यवहार करतानाच ही अट लिहून घ्यावी. संघाच्या विश्वस्तांनी शोभायात्रेचा मार्ग आखताना रुग्णालये आणि शाळा ध्यानात घ्याव्यात. मालाचे वजन करताना तराजू सरळ धरणारा व्यापारी गावात विश्वासू ठरतो. आवाजाच्या बाबतीतही एकच तराजू आपल्यासाठी आणि शेजाऱ्यासाठी वापरला, तर आपला शब्द मंडळाच्या बैठकीतही ऐकला जाईल आणि नगरपरिषदेच्या सभागृहातही.