जीप उंच केली, पण बिघडलं काय?

गटाच्या सगळ्या ताया, वहिनी, मावश्या, कामं करता करता ऐकत असाल तर कामं चालू द्या, पण कान इकडे असू द्या.

आजचा विषय ऐकून कुणीतरी म्हणेल, हा तर गड्यांचा विषय. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण गाडीत बसतं कोण? पापडाची पोती मांडीवर घेऊन, लेकराला कडेवर घेऊन आपणच बसतो. आणि गाडीला पैसा लागला की कर्जाचा अर्ज येतो तोही आपल्याच गटाकडे.

आमच्या पाटण तालुक्यातल्या एका गटातली ही गोष्ट. एका ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि त्यांच्या घरात जुनी फोर बाय फोर जीप आली. पावसाळ्यात आमच्याकडच्या वाटा कशा असतात ते तुम्ही जाणता. तिकडे वाळवा, शिराळ्याकडच्या मैत्रिणींना विचारा. उसाच्या ट्रॉल्यांनी पाणंदीत दोन खोल चाकोऱ्या पडतात, मधे मातीचा वरंबा राहतो आणि गाडीचं पोट त्यावर घासतं. ताईंच्या मुलाने मोबाइलवर बघून, मित्राला हाताशी घेऊन, घरच्या अंगणातच जीप उंच केली. जीप दिसायला झोकदार झाली. आठ दिवसांनी आम्ही पाच जणी नाचणीचे पापड घेऊन कराडला निघालो. खड्डा आला की स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढायचं. पाटणकडे उतरताना ब्रेकचा पाय मऊ पडला, अगदी खालपर्यंत जायला लागला. पोराने गिअरवर गाडी आवरली आणि कडेला लावली. आम्ही उतरलो आणि पोती डोक्यावर घेऊन चालत निघालो.

त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही कुणाला दोष दिला नाही. एका जाणत्या मेस्त्रींना बोलावलं आणि गाडीखाली काय काय झालंय ते समोर दाखवायला सांगितलं. तेव्हा जे समजलं तेच आज सांगतो.

गाडी उंच होते कशी?

जुन्या जीपला चारही चाकांवर पाटे असतात. पाट्यांचा जुडगा मधोमध यू बोल्टांनी एक्सलला आवळलेला असतो. त्याचं एक टोक चासीला पक्कं आणि दुसरं टोक शॅकलवर झुलतं. उंच करायचे घरगुती मार्ग तीन. शॅकल लांब करायचे, पाट्यांत जादा पाटा घालायचा किंवा कमान वाढवायची, नाहीतर एक्सल आणि पाट्यांच्या मधे लोखंडी ठोकळा द्यायचा. काही जण एक्सलच्या खालचे पाटे एक्सलच्या वर आणतात, पण ते अंगणातलं काम नव्हे.

इथेच पहिला हिशोब चुकतो. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी दोन इंच उचलत नाही. पाट्याचं एकच टोक खाली जातं, म्हणून मधे एक्सलपाशी उंची साधारण एकच इंच मिळते. आणि ठोकळा पुढच्या एक्सलला कधीही द्यायचा नाही. ब्रेक दाबल्यावर तिथे पीळ बसतो आणि ठोकळा निसटला तर स्टिअरिंगच हातचं जातं. मागेही ठोकळ्यावर ठोकळा नको, लाकडाचा तर नकोच.

तीन प्रश्न

मेस्त्रींनी एक गोष्ट सांगितली ती आम्हाला फार पटली. पाळणा उंच टांगला की ओढायची दोरी अपुरी पडते. गाडीचं तसंच. चासी आणि एक्सल यांच्यामधल्या ब्रेकच्या नळ्या, दांडे, शाफ्ट, शॉकअप हे सगळं जुन्या उंचीच्या मापाचं असतं. म्हणून बिघाड शोधताना तीनच प्रश्न विचारायचे: काय ताणलं? काय तिरकं झालं? काय ढिलं राहिलं?

पण आधी एक सूचना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, पोराला जाऊ द्यायचं नाही. सपाट, टणक जागा हवी, जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड हवेत आणि चासीखाली लोखंडी घोड्या हव्यात.

काय ताणलं?

सगळ्यात आधी ब्रेकची रबरी नळी बघा. गाडी जमिनीवर उभी असताना ती ठीकच दिसते, फसगत होते ती इथेच. चासी घोडीवर घेऊन चाक खाली लोंबू द्या, मग बघा. पुढच्या चाकांच्या नळ्या बघताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. नळीत थोडा तरी ढिलेपणा राहायला हवा. ताठ झाली असेल, जोडापाशी ओलावा असेल, रबराला चिरा असतील, तर गाडी तिथेच थांबवायची. आमच्या जीपची मागची नळी अशीच ताणली होती. मागचं चाक चरात उतरलं की तिला हिसका बसायचा आणि जोडातून तेल पाझरायचं. काही जुन्या जीपमध्ये ब्रेकची एकच लाइन असते. एक नळी गेली की चारही चाकांचा ब्रेक गेला. यावर उपाय एकच, योग्य लांबीची नवी नळी आणि नंतर ब्रेकमधली हवा काढणं. तारेने ओढून बांधणं हा उपाय नव्हे.

हँडब्रेकची तार मागच्या चाकांकडे जात असेल तर तीही बघा. काही पिकअप गाड्यांत चासी आणि मागच्या एक्सलमधे एक लहान दांडी असते. ती वजन ओळखून मागचा ब्रेक कमीजास्त करते. गाडी उंच झाली की तिला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो.

मग शॉकअप. जुनाच आखूड शॉकअप ठेवला तर चाक खाली गेल्यावर तो पूर्ण ताणून 'ठाक' असा आवाज येतो. असं होत राहिलं की त्याचे बुश फाटतात, पकडीचा कान तुटतो. तिथे त्या उंचीच्या मापाचा शॉकअपच लागतो.

काय तिरकं झालं?

स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा पहिल्यांदा जवळजवळ आडवा असतो. गाडी उचलली की तो उतरता होतो. मग चाक खड्ड्यात वरखाली झालं की दांडा चाकाला वळवतो, आणि आपल्याला वाटतं स्टिअरिंगला कुणी हिसका दिला. गाडी सरळ चालताना स्टिअरिंग वाकडं राहत असेल तर दांड्याची लांबी जुळवून घेता येते. पण खड्ड्यातला हिसका लांबी जुळवून जात नाही. त्यासाठी दांड्याचा उतार कमी करावा लागतो, म्हणजे खाली वाकलेला आर्म बसवावा लागतो किंवा उंचीच कमी करावी लागते.

दुसरी खूण. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, गाडी रस्त्यावर डुलते. पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल आणि तो लांब केला, तर एक्सलचं वरचं अंग पुढे झुकतं, त्याचा हा परिणाम. एक्सल आणि पाट्यांमधे लोखंडी पाचर देऊन तो कोन परत आणतात. पण पाचर कुठल्या तोंडाने आणि किती अंशाची, ते अलाइनमेंटच्या मशिनवर मोजूनच ठरवायचं. अंदाजाने उलटी बसली तर दुखणं दुप्पट.

तिसरी खूण घरघर. गिअरबॉक्सकडून एक्सलकडे फिरत जाणारा नळा म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. उंची वाढली की त्याचे सांधे जास्त वाकतात. एका ठरावीक वेगाला घरघर येते. तो वेग राखून गिअर बदलला तरी ती तशीच राहिली, तर संशय शाफ्टवर घ्यायचा. क्लच सोडताना 'खट्' वाजलं तर सांध्याचे क्रॉस बघायचे. शाफ्ट खोलण्यापूर्वी खडूने खुणा केल्या नसतील तर दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आहेत का, तेही तपासायचं. शाफ्टचा सरकणारा जोड फार बाहेर ओढला गेला असेल तर तो निसटूही शकतो.

काय ढिलं राहिलं?

यू बोल्ट जुनेच परत वापरू नयेत, ते एकदा ताणलेले असतात. नवे आवळल्यावरही पाटे बसतात आणि नट सैल होतात. म्हणून पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर आवळायचेच. शॅकल आणि बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाक लोंबत असताना आवळले की रबरी बुश पिळलेला राहतो, गाडी कडक चालते, कुरकुरते आणि बुश लवकर फाटतो.

पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल सरकतो. ओळखायचं कसं? ओल्या मातीवर गाडी सरळ चालवा आणि मागे जाऊन चाकोरी बघा. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग न जाता बाजूने जात असतील तर एक्सल सरकला. आणि गाडी एका अंगाला कललेली वाटत असेल तर आधी टायरची हवा सारखी करा. मग देवळापुढच्या फरशीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने चारही बाजू मोजा. मोजलेलं वहीत लिहा. एका वेळी एकच दुरुस्ती करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

एवढं सगळं नीट केलं तरी एक गोष्ट राहतेच. उंच गाडीचा भार वर जातो, वळणावर ती जास्त कलते. टपावर पोती आणि कुंभार्ली घाटाचं वळण, हे गणित वाईट. हेडलाइटचा झोतही वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो, तो खाली करून घ्यावा लागतो.

आम्ही सांगितलं ते पाट्यांच्या गाडीचं. २०२० च्या नव्या थारला पुढेमागे गुंडाळी स्प्रिंग आहेत, तिथलं काम वेगळं.

कागदाचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठरवलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ बदललं. नियमाबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याच्या वेळीही हा बदल आडवा येऊ शकतो. म्हणून खर्च करण्याआधी साताऱ्याच्या, कराडच्या किंवा सांगलीच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारा.

आमच्या ताईंच्या जीपचं काय झालं? ठोकळे काढले, मूळ मापाचे शॅकल परत घातले. बसलेले पाटे बदलून मूळ संख्येचे नवे पाटे घातले, तेव्हा कळलं की गाडीचं पोट घासत होतं ते निम्मं पाटे बसल्यामुळेच. ब्रेकच्या तिन्ही रबरी नळ्या नव्या टाकल्या. मुलगा हिरमुसला होता, पण सगळं काम मेस्त्रींच्या हाताखाली त्यानेच केलं. आता यू बोल्ट आवळायची तारीख तो आईला विचारून वहीत लिहितो.

गटाने दोन ठराव केले. गाडीसाठी कर्ज दिलं तर वर्षातून एकदा ब्रेकची तपासणी करून त्याची पावती गटाला दाखवायची. आणि ग्रामसभेत पाणंद रस्त्याची मागणी लेखी द्यायची. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत, पाणंद रस्ते योजना आणली, तिच्याबद्दल ग्रामसेवकांना विचारायचं. रस्ता नीट झाला तर सगळ्या गावाच्या गाड्यांची पोटं घासायची थांबतील.

उद्या तुमच्या दारात उंच केलेली गाडी आली, तर बसण्याआधी विचारा, "दादा, ब्रेकची नळी चाक लोंबवून बघितली का?" उत्तर आलं नाही तर पुढच्या एसटीने जा.