महसीरचा मेन्यू नदीकाठी ठरतो!

सह्याद्रीच्या नद्यांमधला महसीर नेमकं खातो काय, माहितीये? जवळपास सगळंच! किड्यांच्या अळ्या, गोगलगायी, खेकडे, छोटे मासे, शेवाळ आणि पाण्यात पडलेली उंबरं-जांभळंसुद्धा.

गंमत म्हणजे त्याच्या जबड्यात दातच नसतात, ते असतात घशात! मिशांच्या दोन जोड्यांनी तळाशी खाणं हुडकायचं, जाड ओठांनी उचलायचं आणि घशातल्या दातांनी चिरडायचं.

महाडजवळच्या वाळण कोंडीत तर हे 'देवाचे मासे'. त्यांना कुणी मारत नाही, उलट भाविक कुरमुरे टाकतात. तेही तो आवडीने मटकावतो. पण फक्त कुरमुऱ्यांवर किती दिवस भागणार? नदीतले दगडगोटे उपसले की अळ्या आणि गोगलगायी जातात, काठची झाडं तोडली की फळं जातात. म्हणजे एकही जाळं न टाकता आपण महसीरच्या तोंडचा घास काढून घेऊ शकतो.

तेव्हा पुढच्या ट्रेकला नदीवर थांबलात, तर माशांना चिप्स टाकू नका. काठावर उंबराचं झाड आहे का, ते बघा. असेल, तर ते टिकवा. महसीरचं ताट तिथेच वाढलेलं असतं!