मारिओ, पॅल टीव्ही आणि क्लोन कन्सोलची कारागिरी

1990च्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जे यंत्र आले, ते बहुतांशी निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या कन्सोलची नक्कल होते. मूळ कन्सोल 15 जुलै 1983 रोजी जपानात विक्रीला आले. त्याच्या रचनेबरहुकूम दुसऱ्या उत्पादकाने बनवलेल्या आणि त्याच कॅसेटी चालवणाऱ्या यंत्राला क्लोन कन्सोल म्हणतात. मारिओ, कॉन्ट्रा आणि डक हंट या खेळांची ओळख एका अख्ख्या पिढीला अशाच यंत्रांवर झाली, मग ती पुण्यामुंबईची असो की आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातल्या तालुक्यांची. त्यामुळे ‘डुप्लिकेट माल’ एवढ्या शिक्क्यावर या यंत्रांचा विषय संपत नाही. ती इथल्या टीव्हीसाठी मुद्दाम जुळवून घेतलेली होती, आणि त्या जुळवणीत स्वतंत्र अभियांत्रिकी होती.

या व्यवस्थेत निम्मे यंत्र कॅसेटीतच असते. गाण्याच्या कॅसेटीसारखी फीत तिच्यात नसते. प्लास्टिकच्या कवचात एक सर्किट-पट्टी असते आणि तिच्यावर कायमची माहिती भरलेल्या मेमरी-चिपा असतात, ज्यांपैकी एकीत खेळाचा प्रोग्रॅम आणि दुसरीत चित्रांचे ठिपके साठवलेले असतात. 1985चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अशा दोन चिपांत मिळून अवघ्या 40 किलोबाइटांत मावतो : 32 प्रोग्रॅमसाठी, 8 चित्रांसाठी. कॅसेट खाचेत बसली की तिच्या 60 पिनांमधून या चिपा थेट प्रोसेसरशी आणि चित्र रचणाऱ्या चिपशी जोडल्या जातात, तर कन्सोलची स्वतःची कामचलाऊ मेमरी केवळ 2 किलोबाइट असते. वीज जाताच ही मेमरी पुसली जात असल्याने, बॅटरी बसवलेल्या मोजक्या कॅसेटी सोडल्या तर, भारनियमनाच्या काळात जवळजवळ प्रत्येक खंडित डाव पहिल्या लेव्हलपासून खेळावा लागे. निन्टेन्डोच्या अमेरिकी आवृत्तीत अनधिकृत कॅसेट अडवणारी कुलूप-चिप होती; जपानी यंत्रात ती नव्हती, म्हणून क्लोन बनवणाऱ्या बहुतेकांनी 60 पिनांची जपानी खाचच उचलली.

खरी अडचण टीव्हीची होती. भारतात 1982पासून आलेले रंगीत प्रक्षेपण पॅल पद्धतीचे असून तिच्यात पडदा सेकंदाला 50 वेळा रंगवला जातो, तर जपान आणि अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीत तो सुमारे 60 वेळा रंगवला जातो. एक चित्र रंगवून झाल्यावर पुढचे सुरू होण्याआधी जी क्षणभराची उसंत मिळते, तिच्यात खेळाचा प्रोग्रॅम पडद्यावरचा बदल उरकून घेतो, आणि ही उसंत किती लांब आहे यावर कित्येक खेळांचे गणित बेतलेले असते. निन्टेन्डोच्या युरोपीय पॅल यंत्रात प्रोसेसरचा वेग मूळच्या 1.79 मेगाहर्ट्झवरून 1.66वर उतरला आणि उसंतही लांबली, त्यामुळे जपानी वा अमेरिकी बाजारासाठी लिहिलेले काही खेळ त्यावर नीट चालत नसत. तैवानच्या यूएमसी या चिप-उत्पादक कंपनीने वेगळी वाट काढली : वेग 1.77 मेगाहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ मूळचाच ठेवला, पॅलच्या चौकटीतल्या सुमारे 50 जादा ओळी चित्र संपल्यावर नुसत्या थांबण्यात घालवल्या, आणि त्यानंतरच प्रोसेसरला उसंत सुरू झाल्याची खूण दिली. त्यामुळे प्रोग्रॅमच्या दृष्टीने उसंत मूळच्याइतकीच राहिली आणि 60च्या हिशेबाने लिहिलेला खेळ 50च्या टीव्हीवर न बिघडता चालू लागला. 1992च्या अखेरीस रशियात आलेल्या ‘डेन्डी’ या क्लोनवरून ही पद्धत आज ‘डेन्डी टायमिंग’ म्हणून ओळखली जाते. अशा यंत्रावर खेळाचा वेग एक षष्ठांशाने उतरतो आणि संगीताचा सूर जवळजवळ तोच राहून लय तेवढी संथ होते. ज्यांनी मारिओची धून अशा यंत्रावर ऐकली, त्यांच्या कानात ती याच संथ लयीत बसलेली असते.

पुढे स्वस्ताईसाठी प्रोसेसर, चित्राची चिप आणि मेमरी एकाच चिपमध्ये कोंबली गेली. असे यंत्र उघडले तर आत चिपांची ओळखीची रांग दिसत नाही; पट्टीच्या मधोमध इपॉक्सीचा काळा गोळा दिसतो आणि त्याखालची चिप सुटी करून बदलता येत नाही. दुरुस्ती म्हणूनच ॲडॉप्टर, वायरी, बटणांखालचे रबर आणि खाचेच्या पिना यांपुरती उरते. पर्जन्यछायेतल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोरड्या, धुळीच्या हवेत पिनांवर थर बसणे अटळ असते. त्यावर तोंडाने फुंकर मारण्याचा सार्वत्रिक उपाय दमटपणामुळे धातूला घातकच ठरतो, आणि फुंकरीनंतर खेळ सुरू होतो तो मुख्यतः कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस पिनांवरून फिरवणे हा अधिक योग्य उपाय आहे.

आजचे क्लोन तीन वाटांनी जातात. पहिली वाट त्याच एकचिपी रचनेची : ऑनलाइन आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणारा, 400 खेळ आतच भरलेला आणि जुन्या मोबाइलची बीएल-5सी बॅटरी वापरणारा ‘सप’ हा हातातला गेम याच कुळातला आहे, मात्र त्याला कॅसेटीची खाचच नसते. दुसरी वाट एम्युलेशनची, म्हणजे एका संगणकाने सॉफ्टवेअरच्या साहाय्याने दुसऱ्याची वागणूक वठवण्याची. 2014चे ‘रेट्रॉन 5’ कॅसेटीतली माहिती आधी वाचून घेते आणि मग तो खेळ एम्युलेटरवर चालवते, त्यामुळे अनेक खेळ एकत्र भरलेल्या, अनोळखी रचनेच्या ‘इतके-इन-वन’ कॅसेटींपाशी ते अडखळते. तिसरी वाट एफपीजीए चिपची, जिच्या आतल्या तर्कद्वारांची जोडणी उत्पादनानंतरही बदलता येते. 2016चे ‘एव्हीएस’ आणि 2017चे ‘एनटी मिनी’ अशा चिपवर मूळ सर्किटाची वागणूक टप्प्याटप्प्याने उभी करतात आणि एचडीएमआय तारेने आजच्या टीव्हीला जोडले जातात. मात्र डक हंटची बंदूक इथेही मुकीच राहते, कारण ती जुन्या काचेच्या टीव्हीच्या प्रकाशाची वेळ ओळखते आणि सपाट पडद्याची वेळ वेगळी असते.

मूळ यंत्राची पेटंटे संपली असली तरी खेळांचा कॉपीराइट शाबूत आहे, म्हणून क्लोन यंत्र बनवणे आणि त्यात परवान्याविना खेळ भरणे या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. जतनाची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एफपीजीएची अचूकता सहसा जपानी-अमेरिकी मूळ यंत्राला प्रमाण मानून मोजली जाते. इथल्या मुलांनी प्रत्यक्ष खेळलेले यंत्र जपायचे तर डेन्डी टायमिंग, ‘इन-वन’ कॅसेटींची वेडीवाकडी जोडणी आणि त्यांतल्या फेरफार केलेल्या खेळांच्या आवृत्त्या यांचीही नोंद हवी. अहिल्यानगरमध्ये 1994पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, तेव्हा यंत्र हा इतिहासाचा दस्तऐवज असतो हे या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. माळ्यावर पडलेल्या कॅसेटी भंगारात जाण्याआधी त्यांच्यावरची लेबले, चिपांवरचे क्रमांक आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची माहिती लिहून ठेवणे हे काम शाळा-महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांना सहज पेलण्यासारखे आहे आणि ते आताच व्हायला हवे.