इस्रायलचे वार्तापत्र : बालगृह आणि आजीचे पाय

मुक्काम दिमोना

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून ज्यांचे पूर्वज उतरले अशी परंपरा सांगते, आणि घाण्याचे काम शनिवारी बंद ठेवल्यामुळे ज्यांना आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्याने शनिवार तेली हे नाव दिले, त्या बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य कुटुंबे 1948 नंतर या देशात आली. परंतु येथे बालसंगोपनाचा जो प्रयोग त्याआधीच चालू होता, त्याची कल्पना रेवदंड्याच्या कोणाही आजीला आली नसती.

किबुत्स नामक सामुदायिक शेतवसाहतींपैकी बहुतेकींत तान्हे मूल लौकरच बालगृहात जाई. तेथे नेमलेल्या दाया त्याचे न्हाणेखाणे पाहत, आईबापांच्या वाट्याला तिसऱ्या प्रहरानंतरचे काही तास येत, आणि रात्री पाळीची पहारेकरीण सर्वच मुलांची खबर घेई. स्त्रीला चुलीच्या जोखडातून सोडवावे, मालमत्तेप्रमाणे मुलावरही कोणाची खाजगी सत्ता नसावी, हा त्यामागील हेतू उदात्त होता आणि आजही मला तो आदरणीय वाटतो. मात्र अब्राहम सागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसा बालगृहात राहून रात्री घरी निजणाऱ्या अर्भकांपैकी 80 टक्क्यांचे आईशी नाते निर्धास्त आढळले, तर रात्रीही तेथेच निजणाऱ्यांत हे प्रमाण 48 टक्केच भरले. दिवसाची दाई मुलाला मानवत होती. रात्रीच्या हाकेला परके माणूस येणे बाधत होते. अखेर आयांच्याच आग्रहाने मुले घरी आली, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस हा दस्तूर मोडीत निघाला.

याउलट दिमोनातील एका मराठी घरी आजी पाटावर पाय लांब करून बसली होती, नातू तिच्या नडग्यांवर पालथा. एका हाताने त्याची हनुवटी सावरून ती दुसऱ्या हाताने पाठीवर कोमट पाणी ओतीत होती, आणि तोंडाने मराठी अखंड चालू होती. सून अन्य समाजातली, टिपत हलाव या सरकारमान्य माता-बालक केंद्रातील परिचारिकेचा शब्द प्रमाण मानणारी. नाकात तेल घालण्यास तिने हरकत घेतली, आणि ती रास्तच होती, कारण ते तेल फुप्फुसात उतरण्याचे भय असते. आजीनेही ती विनातक्रार मानली. परंतु पायांवरची आंघोळ सोडावयास ती राजी नाही. येथे तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे आहे, तेव्हा हिब्रू बालवाडीने ताबा घेण्यापूर्वी नातवाच्या कानी मराठी पडावी अशी तजवीज या न्हाण्याखेरीज त्या घरात दुसरी नाही. सासूसुनांत तूर्त असे ठरले आहे की, तेल बंद, आणि आठवड्यातले चार दिवस आंघोळ आजीकडे.