शेळीची आतली बंडी

कडाक्याची थंडी पडली की आई काय म्हणते? "स्वेटरच्या आत अजून एक बंडी घाल!" लडाखमधल्या चांगथांग पठारावरच्या शेळ्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. त्यांच्या अंगावर दोन्ही कपडे आपोआप उगवतात. वर लांब, राठ केसांचा कोट आणि आत मऊमऊ लवेची बंडी.

बंडी हवीच हो! हे पठार समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंच आहे. आपल्या कळसूबाई शिखराच्या डोक्यावर आणखी दीड कळसूबाई ठेवली, तर तेवढी उंची होईल. हिवाळ्यात तिथं पारा उणे ३० अंशांच्याही खाली घसरतो.

या आतल्या लवेला म्हणतात पश्म. हा फारसी शब्द, अर्थ लोकर. त्यावरून झालं पश्मिना. आणि या लवेच्या शाली विणल्या जायच्या काश्मीरमध्ये, म्हणून युरोपातल्या लोकांनी त्या लोकरीला नाव दिलं कॅशमिअर.

वसंत आला की शेळीची लव सुटू लागते. मग तिथले चांगपा पशुपालक फणी घेतात आणि शेळीला चक्क विंचरतात! विंचरून, साफ करून हाती लागते जेमतेम ओंजळभर लव. एका शालीसाठी दोन-तीन शेळ्यांची लव लागते. काश्मीरमधल्या बायका ती तांदळाच्या पिठात घोळवतात. पीठ तिचा तेलकटपणा शोषून घेतं. मग यंदर नावाच्या चरख्यावर सूत निघतं.

लवेचा तंतू असतो फक्त १२ ते १५ मायक्रॉन जाड. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. तुमच्या डोक्यावरचा केस असतो साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे एका केसाच्या रुंदीत असे पाचेक तंतू शेजारीशेजारी मावतील. इतक्या बारीक तंतूंच्या जाळ्यात भरपूर हवा अडकून बसते आणि ही अडकलेली हवा तुमच्या अंगाची ऊब बाहेर सटकू देत नाही.

आता एक प्रयोग. स्वतःचा एक गळलेला केस घ्या. मुळाकडून टोकाकडे दोन बोटं फिरवा. गुळगुळीत! आता टोकाकडून मुळाकडे या. जरा अडखळतंय ना? केसावर कौलारू छपरासारखे एकावर एक खवले असतात. लोकरीच्या तंतूवरही असतात. गरम पाण्यात खसाखसा चोळलं, की खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आक्रसतो. बाबांचा स्वेटर छोट्या भावाला येतो!

म्हणून लोकरीला आपल्या केसांसारखंच जपायचं. थंड पाणी, थोडासा सौम्य शाम्पू, हलका हात. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या ओझ्यानं कपडा लांबतो, म्हणून सावलीत आडवा पसरायचा. कपाटात हँगरला लटकवायचा नाही, घडी घालायची. काखेत, बाहीवर घासून छोटे गोळे येतील. ते ओढायचे नाहीत, आईकडून अलगद कापून घ्यायचे.

आणि कसर? कपड्याला पडलेली भोकं पाहून आजी म्हणते, "कसर लागली." ही करामत एका इवल्या पतंगाच्या अळीची. मोठा पतंग काहीच खात नाही, खादाड असते ती अळी. तिला आवडतं केराटिन. केस, नखं, शिंगांचं आवरण, लोकर सगळं त्याचंच बनलेलं असतं. घामाचे, खाण्याचे डाग असतील तर तिची मेजवानीच. कसरीची एक जात तर कपड्याचेच तंतू कातरून स्वतःभोवती पिशवी विणते. लाल स्वेटर खाल्ला तर पिशवीही लाल!

घरात पश्मिना नसेल, पण लोकरीचा स्वेटर तर असेल? त्यालाही हेच नियम लागू. थंडी संपली की तो धुऊन, नीट वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवा. नाहीतर पुढच्या डिसेंबरात तो अळीनं घातलेला दिसायचा!