निगेटिव्ह स्कॅन करताना काय जपायचं?

मंडळी, नाणेघाटच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वर कोरलेली सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावं मात्र अजून वाचता येतात. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या घरांतल्या ट्रंकांमध्ये नेमकं उलटं आहे. निगेटिव्हवर माणसं शाबूत आहेत, पण त्यांची नावं विसरली जातायत. त्यात जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथल्या ओसरीचा फोटो आता नव्याने काढता येणार नाही.

म्हणून प्रिंट असली तरी निगेटिव्हच स्कॅन करावी. प्रिंट म्हणजे छापणाऱ्याने केलेली निवड. पांढरं धोतर नीट दिसावं म्हणून त्याने मागचा दरवाजा काळा होऊ दिला असेल. निगेटिव्हमध्ये त्या दरवाजातही कुणीतरी उभं असतं, बरं का!

स्कॅनरचं ‘ऑटो’ हीच चूक पुन्हा करतं. तेव्हा ते बंद ठेवा. हिस्टोग्रामची दोन्ही टोकं कापली जाऊ देऊ नका. 8 बिटमध्ये करड्या रंगाच्या 256 छटा मिळतात, 16 बिटमध्ये 65,536; म्हणून 16 बिट ग्रेस्केल निवडा. 35 मिमी फिल्म 2400 डीपीआयला स्कॅन केली, की साधारण 3400 बाय 2270 पिक्सेल मिळतात. घरच्या कामाला ते पुष्कळ झालं.

धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेड सोय इथे वापरू नका. रंगीत फिल्ममधल्या रंगांतून इन्फ्रारेड किरण आरपार जातात. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीचे कण असतात, ते किरण अडवतात. यंत्राला मग चेहराच धूळ वाटतो! त्यापेक्षा सुती हातमोजे घालून, फिल्म कडेने धरून, हवेच्या पंपाने धूळ उडवा.

न्यायशास्त्र प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणं वेगळी मानतं. अस्पष्ट चेहरा ‘सुधारून’ देणारं सॉफ्टवेअर अनुमान करतं, आणि आपण ते प्रत्यक्ष समजून बसतो. आजीचे डोळे कुणा भलत्याचेच होतात. म्हणून मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवा, त्याला हात लावू नका. सुधारणा करायच्या त्या प्रतीवर.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून प्रत्येक फोटोतली नावं, गाव, प्रसंग लिहून घ्या. स्कॅन उद्या पुन्हा करता येईल, सांगणारं माणूस पुन्हा मिळणार नाही. आणि हो, स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह फेकू नका.